ऐंशीच्या दशकातले स्वस्त हिंदी भयपट : ‘पुराना मंदिर’ आपण गांभीर्याने पाहायला हवा का?

निशाचर (धागाकर्ता)

मी माझे मत स्पष्ट मांडतो आणि त्यावर मनमोकळा वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत तुटपुंज्या पैशांत निघालेले हिंदी भयपट, म्हणजे तुलसी आणि श्याम रामसे या दिग्दर्शक भावांचे चित्रपट आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले मोहन भाक्री व विनोद तलवार यांचे त्याहूनही अप्रसिद्ध चित्रपट, आपण ‘वाईट सिनेमा’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधले आणि माळ्यावर टाकून दिले. हे चुकले असे मला वाटते. त्यांतले सगळेच चांगले आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांतल्या चांगल्या चित्रपटांनी रात्र, धुके आणि माणसाचा चेहरा या तीनच गोष्टींमधून जी भीती उभी केली, ती त्यांच्या दसपट पैसा असणाऱ्या निर्मात्यांना तेव्हा साधली नव्हती.

उदाहरण म्हणून १९८४ चा ‘पुराना मंदिर’ घ्या. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाच्या क्रूरकर्म्याचा राजा शिरच्छेद करवतो. धड एकीकडे पुरले जाते, शीर दुसरीकडे ठेवले जाते, आणि मरता मरता सामरी शाप देतो की राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढची कथा म्हणजे त्या वंशातल्या आजच्या मुलीचा आणि तिच्या मित्रांचा त्या जुन्या हवेलीकडे झालेला प्रवास. कथेत नवे फारसे नाही, हे मान्य आहे. पण रात्र कशी दाखवली आहे ते पाहा. गंगू रामसे यांनी छायाचित्रणात गर्द निळा रंग वापरला आहे, धुराच्या मागून दिवा टाकला आहे, आणि चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग सरळ काळा सोडून दिला आहे. सजावटीला पैसे नसतील तर भिंत दाखवूच नये, अंधार दाखवावा, हा हिशेब त्यामागे असणारच. परंतु त्या हिशेबातूनच एक शैली जन्माला आली. अंधारात काय आहे ते न दिसल्यामुळे आपण स्वतःच ते भरत राहतो.

चेहऱ्याचे तसेच. सामरीची भूमिका करणारे अजय अग्रवाल, म्हणजेच अनिरुद्ध अग्रवाल, हे रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. त्यांची विलक्षण उंची, लांबट जबडा आणि खोल गेलेले डोळे यांवरच दिग्दर्शकांनी सारा भार टाकला. रबरी मुखवटा कितीही उत्तम असला तरी त्याच्या आत माणूस श्वास घेतो आहे हे जाणवत नाही. इथे ते जाणवते, म्हणून सामरी पडद्यावर नुसता उभा राहिला तरी पुरते.

हे सगळे घरातच होत असे. रामसे हे सात भाऊ होते आणि पटकथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे त्यांनी आपसांत वाटून घेतली होती. १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला जाऊन चित्रित केला, तेव्हा स्टुडिओचे भाडे त्यांनी वाचवलेच, शिवाय तिथली झाडी आणि तिथले वातावरणही पडद्यावर आणले. त्या वेळच्या हिंदी सिनेमात अशी कुटुंबाची कार्यशाळा दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हे चित्रपट जिथे फसतात, तिथे ते गरिबीमुळे फसत नाहीत, तर वितरकाच्या भीतीमुळे फसतात. गाणी नसतील आणि विनोद नसेल तर प्रेक्षक बसणार नाही, ही ती भीती. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप यांचे ‘शोले’चे विडंबन करणारे एक आख्खे उपकथानक आहे. माझ्या मते तेवढे काढून टाकले असते, तर हा चित्रपट आज निःसंकोच अभिमानाने दाखवता आला असता.

मीमांसक

आपल्या तळमळीविषयी आदर ठेवून मी असहमत आहे. आपण चौकटी निवडून दाखवत आहात. मी चित्रपट पाहतो. अडीच तासांत तीस-चाळीस सेकंदांची निळी रात्र सुंदर असेल, परंतु तेवढ्यावर चित्रपट चांगला ठरत नाही. भीती साठत जावी लागते. या चित्रपटांत ती दर दहा मिनिटांनी सांडून दिली जाते, कधी गाण्यात, कधी स्नानगृहातल्या प्रसंगात, कधी विनोदात. हा दोष वितरकाचा नाही, तर दिग्दर्शकाचा आहे, कारण दिग्दर्शकाने त्याला मान तुकवली आहे.

माझा मोठा आक्षेप शापाविषयी आहे. बाळंतपणात स्त्री मरणार, ही कल्पना भयंकर आहे आणि तिच्यातून खरोखर थरकाप उडवणारा चित्रपट निघू शकला असता. पण ती भीती कोणाची आहे, हे तपासा. ती त्या मुलीची नाही. मुलीला तर शापाची गोष्ट कळतेसुद्धा उशिरा. ती वडिलांची चिंता आहे, घराण्याची चिंता आहे. मुलीच्या शरीराकडे कॅमेरा दोनच कारणांसाठी पाहतो, एकदा न्हाताना आणि एकदा किंकाळी फोडताना. ज्या चित्रपटाचा सारा डोलारा स्त्रीच्या प्रसूतीवर उभा आहे, त्यात एकाही स्त्रीला प्रसूतीविषयी मनातले एक वाक्य नीट बोलू दिलेले नाही.

आणि पैशांची सबब मला पटत नाही. याच काळात मराठीत नारायण धारप कागद आणि शाई एवढ्यावर वाचकाला दिवा मालवू देत नव्हते. घरातला एखादा जिना किंवा एखादी बंद खोली त्यांना पुरत असे. साधने कमी असणे आणि जाण कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

विनोद तलवार यांचेही नाव आपण घेतले आहे, परंतु १९८९ चा ‘वही भयानक रात’ हा १९८५ च्या ‘फ्राइट नाइट’ या रक्तपिपासू पिशाच्चाच्या अमेरिकन चित्रपटावरून उचललेला आहे. उचलेगिरीला अप्रसिद्धीचे वलय दिल्याने ती कला होत नाही.

निशाचर

आपला शापाविषयीचा मुद्दा माझ्या मनाला लागला आहे आणि त्यावर मी अजून विचार करतो आहे. तरी एक अनुभव सांगतो. हा चित्रपट मी पहिल्यांदा सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत, तंबूत पाहिला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. चित्रपट प्रौढांसाठीचा असला तरी तंबूत वय विचारणारे कोणी नव्हते. मधोमध कनात लावून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसले होते. शिरच्छेदाच्या प्रसंगाला पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आल्या. शापाचे शब्द उच्चारले गेले तेव्हा मात्र कनातीपलीकडे इतकी शांतता पसरली की बाहेरच्या पाळण्याचा करकर आवाज आत ऐकू येऊ लागला. माझ्या शेजारी बसलेल्या चुलत्यांनी पुटपुटत देवाचे नाव घेतले. त्यांची धाकटी बहीण पहिल्याच खेपेला गेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. दवाखाना गावापासून बैलगाडीच्या अंतरावर असण्याच्या काळात ही भीती सामरीने आणलेली नव्हती, ती प्रेक्षकांच्या घरात आधीपासूनच होती. चित्रपटाने तिला न्याय दिला नाही असे आपण म्हणता ते बरोबर असेल, परंतु तिला पडद्यावर आणण्याचे धाडस तेव्हाच्या प्रतिष्ठित सिनेमाने किती वेळा केले?

धारपांविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे. पण उचलेगिरीचा निकष लावायचा, तर तो त्यांनाही लावावा लागेल. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली आहे. तरीही आपण ती मराठी कादंबरी म्हणून वाचतो, कारण वाडा आपला आहे, माणसे आपली आहेत आणि संध्याकाळसुद्धा आपली आहे. मग तलवारांच्या रक्तपिपासूला दाराबाहेर का उभे करायचे? त्यांनी परकी कथा किती आपलीशी केली हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर बरेचदा ‘अपुरी’ असेच येईल. पण आधी तो प्रश्न विचारला तरी गेला पाहिजे.

रीळवाली

माझे वडील फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे हे चित्रपट मी पडद्यासमोर बसून कमी आणि यंत्राशेजारी उभे राहून अधिक पाहिले आहेत. तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिला. तसे होत नसे. आमच्याकडे चित्रपटाच्या रिळांची पेटी यायची तोवर तिने चार जिल्हे पालथे घातलेले असायचे. तुटलेली फिल्म प्रत्येक ठिकाणी कापून जोडलेली असायची आणि दर जोडामागे थोडा भाग जायचा. रंगीत प्रिंटवर इमल्शनच्या, म्हणजे रंगाच्या थराच्या, बाजूने ओरखडा गेला की पडद्यावर हिरवी रेघ दिसते. तशी एक रेघ एका रिळात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सामरीच्या चेहऱ्याच्या बाजूने चालायची आणि काही मुलांना ती त्याच्या सामर्थ्याचीच खूण वाटायची. यंत्र एकच होते, म्हणून रीळ बदलताना पडदा पांढरा व्हायचा. यंत्राला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळून त्यांच्यातले अंतर वाढले की उजेड मंदावायचा, आणि वडील हाताने त्या जवळ आणेपर्यंत आधीच काळोखी असलेली चौकट आणखी बुडून जायची. कित्येकदा लोक भ्यायले ते त्या क्षणी.

धागाकर्त्यांनी विनोदाचा भाग काढून टाकावा असे म्हटले आहे. एका जत्रेत माझ्या वडिलांनी अगदी तेच केले होते. शेवटचा खेळ लवकर संपवायचा म्हणून त्यांनी जगदीप यांचे एक रीळ लावलेच नाही. प्रेक्षक चिडले, पण पैसे वाया गेले म्हणून नव्हे. बायकांच्या बाजूने एक आजी यंत्रापाशी येऊन म्हणाल्या, “पोरं घाबरून रडायला लागली आहेत, आता हसायचं कधी येणार?” त्यांना तो चित्रपट आधीच माहीत होता आणि हसण्याची जागा कुठे आहे हेही माहीत होते. रात्री बारा वाजता त्याच पोरांना घेऊन शेतातल्या वाटेने घरी चालत जायचे होते. तुम्ही ज्याला वितरकाची भीती म्हणता, ती त्या आजींची गरज होती. मीमांसक म्हणतात की भीती सांडून दिली जाते. मला वाटते की ती मोजून दिली जात होती.

कृष्णाकाठ

कलेविषयी दोन्ही बाजूंनी चांगले लिहिले आहे, पण कथेच्या रचनेकडे कोणी लक्ष दिले नाही. संकट त्या राजाचे वंशज असलेल्या ठाकुरांच्या घराण्यावर येते आणि ते निवारण्यासाठी जीव घालतात गावातली माणसे, नोकर आणि लाकूडतोडे. ‘पुराना मंदिर’मध्ये सदाशिव अमरापूरकरांसारखा जबरदस्त ताकदीचा नट आहे, आणि त्याला भूमिका मिळाली आहे दुर्जन नावाच्या माणसाची. नावातच निकाल लावून टाकला आहे. गरीब आणि काळासावळा माणूस दिसला की त्याच्यावर संशय घ्यायचा, हे या चित्रपटांनी प्रेक्षकांना शिकवले, आणि ते पाहणारा प्रेक्षक बहुतांशी गरीबच होता. याचे मला आजही वाईट वाटते.

मीमांसक

रीळवाली यांच्या आजींनी मला विचारात पाडले आहे. भीती मोजून देण्याची कल्पना मी स्वीकारतो, निदान तंबूपुरती. शाप आणि स्त्री यांविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही, आणि कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याने ते अधिकच पक्के झाले आहे.

माझा प्रश्न आता वेगळा आहे. हे चित्रपट गांभीर्याने पाहायचे, तर ते पाहायचे कशावर? १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि रामसे घराघरांत पोहोचले, पण ते दूरचित्रवाणीपुरते. मूळ चित्रपटांपैकी जे आज नीट पाहता येतात, ते ‘मोंडो मॅकाब्रो’ या परदेशी कंपनीने डीव्हीडीवर काढले म्हणून. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’ आणि ‘बंद दरवाजा’ तिथे जपले गेले. भाक्रींचे ‘खूनी महल’ आणि ‘कब्रस्तान’ मात्र मी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या, धुरकट आवृत्तीतच पाहू शकलो. त्यात निळी रात्र आहे की करडी, तेही सांगता येत नाही. माझे त्यांच्याविषयीचे प्रतिकूल मत कदाचित त्या कॅसेटविषयीचे असेल, एवढे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तरीही, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासमोर मूकपटांच्या काळापासूनचे काम पडून असताना, भाक्रींच्या चित्रपटाला आधी हात लावावा असे मी म्हणू शकणार नाही.

निशाचर

आधी लावावा असे मीही म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी शेवटचा क्रमांक याच चित्रपटांचा लावायचा, तर त्यांची पाळी येईपर्यंत फिल्म उरणार नाही. रांगेतल्या इतर चित्रपटांच्या प्रती कोणी ना कोणी कपाटात ठेवल्या होत्या. हे चित्रपट झिजेपर्यंत चालवले गेले आणि मग भंगारात गेले, कारण ते पुन्हा कोणी मागेल असे कोणालाच वाटले नव्हते. आज कोणाकडे गोदामात एखादी जुनी पेटी असेल, तर ती उघडून पाहावी आणि चुकीच्या नावाची असली तरी टाकू नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

रीळवाली

वडिलांनी व्यवसाय बंद केला तेव्हा ‘पुराना मंदिर’चे एक सुटे रीळ आमच्याकडे राहून गेले होते. हवेलीतल्या रात्रीचे ते रीळ असावे. गेल्या वर्षी डबा उघडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. फिल्म कडेला आक्रसून वाकली होती आणि वेटोळी एकमेकांना चिकटली होती. सुरुवातीची चारेक फूट मी हलकेच सोडवली आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरली. जिना दिसला, कठड्यावर ठेवलेला हात दिसला, मागचा धूरही दिसला. धागाकर्त्यांनी ज्या निळ्या रंगाविषयी इतके लिहिले आहे, तो त्यात कुठेच नव्हता. आख्खी रात्र गुलाबी झाली होती.