वजन दोनदा उतरवले, दोनदा परत चढले, टिकवायचे कसे? मदत हवी आहे

नमस्कार. मी लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात हिशेब लिहितो. वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन सध्या ८५ किलो. पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर भरतो आणि भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. उपाशीपोटीची साखर १०८ आली आहे. डॉक्टरांनी गोळी न देता ‘खाणे सुधारा’ एवढेच सांगितले.

गेल्या चार वर्षांत मी दोन वेळा वजन उतरवले. पहिल्या वेळी रात्रीचे जेवण सोडून चार महिन्यांत ८६ वरून ७४ वर आलो. दुसऱ्या वेळी भात, पोळी, भाकरी बंद करून मूग आणि काकडीवर राहिलो. दोन्ही वेळा तुरीची आवक सुरू झाली, घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजू लागले आणि वर्षाच्या आत उतरलेले सगळे किलो परत आले. त्यामुळे वजन कमी कसे करावे हा माझा प्रश्न नाही. सहा माणसांच्या घरात, सगळ्यांसाठी शिजलेलेच खाऊन, वर्षानुवर्षे पाळता येईल अशी सवय कशी लावावी, हे मला विचारायचे आहे.

आमचे खाणे साधे आहे, असे मी समजत होतो: ज्वारीची भाकरी, वरण, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईचे कच्चे तेल. मागच्या आठवड्यात सहज म्हणून, नेहमी ज्या हाताने चटणीवर तेल ओततो त्याच हाताने ते वाटीत ओतले आणि चमच्याने मोजले, तर चहाचे चार चमचे भरले. दोन्ही जेवणांचे मिळून आठ चमचे, म्हणजे तीनशेहून अधिक कॅलरी, आणि भाजीच्या फोडणीचे तेल त्यात धरलेले नाही. घाण्याचे तेल आहे, ते बाधत नाही, असे मी स्वतःला आजवर सांगत आलो. दुसरी अडचण चहाची. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यासोबत चहा न घेणे आमच्याकडे बरे दिसत नाही. दिवसाला सहा कप होतात आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असते. तिसरी अडचण आईची, कारण ताटात कमी घेतले की तिला मी आजारी वाटतो.

कृपया वेगळे पीठ, पावडर किंवा महागडी फळे सुचवू नयेत.

प्रतिसाद (परभणीहून)

भाऊ, आपण तेल मोजलेत, हे फार बरे केलेत. करडईचे असो वा सोयाबीनचे, कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरीच असतात. तेल सोडू नका. एका जेवणाला एक चमचा ठरवा आणि बाटलीतून न ओतता चमच्याने घ्या.

भाकरी बंद करणे ही मात्र चूक होती. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील कॅलरी जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे भाकरी की पोळी या वादात न पडता ती केवढी आहे ते पाहावे. आपण काट्याच्या बाजारातले. घरी थापण्याआधी पिठाचा गोळा एकदा तोलून पाहा. आधी अर्धे ताट भाजी आणि घट्ट वरण खाऊन मग भाकरीकडे वळलात, तर एका भाकरीतही पोट भरते.

भराभर उतरवलेले वजन परत का चढते, याला शरीराचेच कारण आहे. वजन घटले की शरीर खर्च कमी करते आणि भूक वाढवते. म्हणून आठवड्याला अर्धा किलो, किंवा त्याहूनही कमी, एवढेच धरून चालावे. हंगामात सायंकाळी सातला दुकानातच डबा खा. घरी आल्यावर केवळ ताक घ्या, म्हणजे आईसोबत बसणेही होईल. चहा नाकारू नका, अर्धा कप घ्या आणि साखर निम्मी करा. एकादशीला साबुदाणा खाऊन उपवास घडला असे मानू नका, त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. (हे मी अनुभवाने सांगते, आमच्या घरी उपवासालाच वजन वाढत असे.)

धागाकर्ता

ताई, आभारी आहे. गोळा तोलला, तो १२० ग्रॅम भरला, आणि मी अशा दोन भाकरी खात होतो. आता माझ्यासाठी ६० ग्रॅमची भाकरी थापली जाते. पहिल्या दिवशी ती पाहून आईने धान्य संपत आले का, असे विचारले. सातचा डबा सुरू केला आहे. मार्गशीर्षात वेळ अमावस्येच्या सणाला शेतात भज्जी, आंबील आणि उंडे समोर येतील, तेव्हा मोजमाप सोडून जेवावे की तेथेही चमचा सोबत न्यावा, एवढे मात्र सांगावे.