सीओटू वेल्डिंगमध्ये ब्लो होल येत आहेत, तातडीने मदत हवी आहे

भोसरी_फॅब्रिकेशन: आमच्या शेडमध्ये गेल्या आठवड्यात जुने सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आवरणात वायर वितळवून वेल्ड करणारे) घेतले. चौकटींच्या प्रत्येक वेल्डमध्ये ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून पडलेली छिद्रे, येत आहेत. गॅस चालू आहे, वायर नवीन आहे. शनिवारी चाकणला माल पोहोचवायचा आहे. काय बदलावे ते कृपया लगेच सांगावे.

तळवडे_वेल्डशॉप: जाडी, वायर, व्होल्टेज आणि गॅसचा प्रवाह कळल्याशिवाय काय सांगणार? टॉर्च (हातात धरायची वेल्डिंग गन) मशीनच्या प्लस टोकाला जोडली आहे ना? आधीच्या मालकाने गॅसविना चालणाऱ्या फ्लक्स वायरसाठी (आत संरक्षक पूड भरलेली वायर) ती मायनसला जोडली असेल, तर साध्या भरीव वायरने वेल्ड नीट होणार नाही.

भोसरी_फॅब्रिकेशन: ३ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, ०.८ मिलिमीटरची वायर, १८ व्होल्ट, गॅस मिनिटाला १२ लिटर. टॉर्च प्लसलाच आहे.

रॉडवाला_चिंचवड: आपण मशीनच्या वायरऐवजी ६०१३ हा आवरण असलेला वेल्डिंग रॉड वापरावा. त्याच्या आवरणातूनच गॅस तयार होतो, त्यामुळे सिलिंडरची कटकट राहत नाही आणि वाऱ्यातही काम होते.

मिक्सगॅस_पिंपरी: एवढ्या चौकटींचे रॉडने काम करून शनिवार गाठता येणार नाही. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू असे मिश्रण घ्या, स्पॅटर (वेल्ड करताना उडणारे वितळलेल्या धातूचे थेंब) बरेच कमी होईल.

तळवडे_वेल्डशॉप: स्पॅटर कमी होईल हे मान्य, पण प्रश्न ब्लो होलचा आहे. वितळलेल्या धातूवर गॅस पोहोचतच नसेल, तर आर्गॉनही तसाच वाया जाईल. टॉर्चच्या तोंडाचे नोझल साफ करा, पंखा बंद करा आणि प्रवाह उगाच २५ लिटरवर नेऊ नका, कारण फार जोराचा गॅस बाहेरची हवा आत ओढतो.

काळजीवाहू: जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपचा जस्ताचा धूर छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यामुळे आधी जस्ताचा थर घासून काढावा.

भोसरी_फॅब्रिकेशन: पाइप काळा आहे, जीआय नाही. नोझल साफ केले, पंखा बंद केला, तरी फरक नाही. सकाळी पहिली पंधरा-वीस मिनिटे वेल्ड स्वच्छ येतो, मग होल सुरू होतात.

तळवडे_वेल्डशॉप: हे पहिल्याच संदेशात हवे होते. त्या वेळी सिलिंडरच्या रेग्युलेटरवर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) बर्फ धरतो का? सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना आणि रेग्युलेटरमध्ये दाब उतरताना तो इतका गार होतो की हीटर नसेल, तर रेग्युलेटर गोठून प्रवाह तुटक होतो.

मिक्सगॅस_पिंपरी: मिश्रणाला सहसा हीटर लागत नाही, हे मी नमूद करतो.

भोसरी_फॅब्रिकेशन: बर्फ आहे. हीटरही आहे, पण त्याची पिन मशीनमागच्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून ती तशीच सोडली होती. त्यावर ३६ व्होल्ट लिहिले आहे. भिंतीच्या प्लगला जोडू का?

तळवडे_वेल्डशॉप: मुळीच नको, २३० व्होल्टवर तो जळेल. इलेक्ट्रिशियनकडून मशीनच्या सॉकेटवरील व्होल्टेज मोजून घ्या आणि ते ३६ असेल तरच पिन बदलून जोडा. तोपर्यंत थोडे काम करून रेग्युलेटर कोमट होऊ द्या, मात्र त्यावर ज्योत धरू नका.

भोसरी_फॅब्रिकेशन: झालेल्या चौकटींवर वरून आणखी एक वेल्ड मारला तर चालेल का?

तळवडे_वेल्डशॉप: नाही. खालचे होल तसेच राहतात आणि अनेकदा नव्या वेल्डमधून वर येतात. ग्राइंडरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासा आणि मगच पुन्हा भरा.