एमबीबीएस पहिले वर्ष : महाविद्यालयातील कोणत्या सुविधेला आधी वेळ द्यावा?

प्रश्न – प्रथम वर्ष विद्यार्थिनी
मी मराठवाड्यातील एका खेड्यातून आले असून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शासकीय महाविद्यालयात शिकत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे अ‍ॅनाटॉमीचे (म्हणजे शरीररचनाशास्त्राचे) एक पान समजायलाही मला कधी कधी अर्धा तास लागतो. वसतिगृहातील बहुतेक मुलींनी व्याख्यानांचे सशुल्क अ‍ॅप घेतले आहे, पण तो खर्च आमच्या घराला पेलणारा नाही. ग्रंथालय, अभ्यासिका, डिसेक्शन हॉल (शवविच्छेदन कक्ष) हे सर्व येथे आहे. मात्र प्रात्यक्षिके संपेपर्यंत सायंकाळ होते. उरलेल्या वेळात कशावर भर द्यावा, याचे कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – इंटर्न
मीही मराठी शाळेतूनच आलो, त्यामुळे तुझी अडचण नेमकी कुठे आहे हे मला ठाऊक आहे. पुष्कळदा आपल्याला इंग्रजी अडवत नाही, लॅटिन संज्ञा अडवतात. एक वही कर आणि फोरामेन म्हणजे छिद्र, फोसा म्हणजे खळगा, ट्यूबरकल म्हणजे लहान उंचवटा, असे अर्थ मराठीत लिहीत जा. अशा शंभरेक संज्ञा ओळखीच्या झाल्या की पानाचा वेग आपोआप वाढतो. अ‍ॅपवाचून माझे काही अडले नाही. वरच्या वर्गातील मुलांकडून बोन सेट (अभ्यासासाठीचा हाडांचा संच) मिळव, कारण हाड उजवे की डावे हे चित्र पाहून पाठ होत नाही, ते हातात धरूनच कळते.

उत्तर – अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापिका
पुस्तक रात्री खोलीवरही वाचता येते, पण डिसेक्शन हॉल दुसरीकडे कुठेच मिळत नाही, म्हणून तेथील प्रत्येक तास जपा. प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि व्याख्यानांना ७५ टक्के उपस्थिती लागतेच. परंतु मागे उभे राहून ती भरण्यात काही अर्थ नाही. त्या दिवशीचा भाग आदल्या रात्री वाचून या आणि चिमटा स्वतःच्या हाती घ्या. चित्रातील धमनी नेहमी ठरल्या जागी असते, प्रत्यक्षात मात्र ब्रेकियल ही दंडातील मुख्य धमनी एखाद्या हातात कोपरापर्यंत न पोहोचता दंडातच दुभंगलेली आढळते आणि पाल्मारिस लाँगस हा स्नायू काही जणांना नसतोच. १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यामुळे बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले, आणि आता अनेक कुटुंबे आपल्या माणसाचा देह स्वेच्छेने महाविद्यालयांच्या स्वाधीन करतात. टेबलाशी उभे असताना याची जाणीव असावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – ग्रंथपाल
पुस्तकपेढी असल्यास वर्षभरासाठी पुस्तके मिळतात, तेव्हा प्रवेशानंतर लगेच चौकशी करावी. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मागाव्यात आणि डिजिटल ग्रंथालयाचे लॉगिनही विचारून घ्यावे. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आणि पबमेड सेंट्रल (वैद्यकीय संशोधन लेखांचा ऑनलाइन संग्रह) यांचा वापर विनामूल्य करता येतो. पहिल्या वर्षी पबमेड सेंट्रलची गरज मात्र क्वचितच पडते.

प्रथम वर्ष विद्यार्थिनी
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅडम, विभागातील हाडे रात्री अभ्यासिकेत नेण्याची परवानगी मिळते का?

अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापिका
आमच्या विभागात नोंदवहीत सही करून एका वेळी एक हाड दिले जाते आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत करावे लागते. तुमच्या विभागप्रमुखांना चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्या.