ईएमएस (वीजवापर मोजणारी यंत्रणा): १८ पैकी ११ मीटर दिसत नाहीत, तातडीने मदत हवी

पर्वतीकर
पुण्यातली जुनी ऑफिस इमारत, तळमजला अधिक सहा मजले. ईएमएस बसवून घेतली: १८ मीटर आणि त्यांचे आकडे गोळा करून डॅशबोर्डला पाठवणारा एक गेटवे. सात मीटर दिसतात, बाकीचे टाइमआउट, म्हणजे उत्तरच देत नाहीत. मेन इनकमरचा (इमारतीत येणाऱ्या मुख्य पुरवठ्याचा) मीटर दिसतो, पण त्याचे युनिट महावितरणच्या बिलाच्या जेमतेम एक तृतीयांश. गेटवे बदलून झाला. सोमवारी डॅशबोर्ड दाखवायचा आहे. नेमकं काय बदलू?

तारतंत्री
आधी माहिती द्या. केबल कोणती? एका मीटरवरून पुढच्या मीटरवर गेली आहे की मजल्यामजल्यावर फाटे फोडलेत? प्रत्येक मीटरचा आयडी, बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) काय? टर्मिनेशन, म्हणजे लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर, कुठे कुठे?

लहरी_लोरा
केबलच्या नादी लागू नका. प्रत्येक मजल्याला एक लोरा (लांब पल्ल्याचा वायरलेस) नोड, वर एक गेटवे. शाफ्ट उघडायचं कामच नाही. जुन्या इमारतीत हाच मार्ग.

तारतंत्री
एलटी पॅनेल (इमारतीचा मुख्य स्विचबोर्ड) बहुधा तळघरात, पत्र्याचं दार बंद. अँटेना बाहेर काढल्याशिवाय सिग्नल मिळणार नाही. आणि एका नोडखालच्या दोन मीटरना एकच आयडी असेल तर लोरानेही ते सुटत नाही.

लहरी_लोरा
अँटेना बाहेर काढायला एक ग्लँड (पॅनेलच्या भोकात केबल घट्ट धरणारा भाग) लागते. लोराच्या ८६५-८६७ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही. शाफ्टमध्ये नवी केबल ओढण्याची मजुरी धरा, मग बोलू.

सौरऊर्जा_हवी
त्यापेक्षा गच्चीवर सोलर टाकून नेट मीटरिंग घ्या. आणि एसी २४ अंशांवर ठेवा, लगेच फरक दिसेल.

पर्वतीकर
सोलरचा प्रश्न नाही. केबल म्हणजे शाफ्टमधली टेलिफोनची जुनी जोडी, प्रत्येक मजल्यावर बॉक्समधून फाटा. त्याच शाफ्टात एएचयूच्या (एसीची हवा फिरवणाऱ्या यंत्राच्या) व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबली आहेत. बॉड १९२००. आयडी व्हेंडरने दिलेत.

तारतंत्री
हे सगळं सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आरएस-४८५ ला (मीटर ज्या दोन तारांच्या लाइनवर बोलतात तिला) लांब फाटे चालत नाहीत, सिग्नल टोकांवरून परततो. गेटवे आणि मीटर बंद करून गेटवेपाशी ए आणि बी या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना टर्मिनेशनचे १२०-१२० ओम असतील तर साधारण ६० यायला हवा.

पॉवरफॅक्टर
एक तृतीयांशचं कारण वेगळं आहे, केबलशी संबंध नाही. एका फेजचा सीटी (मीटरसाठी करंट कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) उलटा. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर १+१-१, म्हणजे तीनातला एक उरतो. मीटरवर फेजनिहाय किलोवॅट बघा, एकासमोर उणे चिन्ह दिसेल. मीटरमध्ये भरलेला सीटी रेशोही पॅनेलवरच्या सीटीच्या प्लेटशी ताडून घ्या. तुमचं बिल एचटीचं (उच्च दाबाच्या जोडणीचं) असेल तर ते किलोवॅट-तासांऐवजी केव्हीएएचमध्ये येतं, तेव्हा केव्हीएएचचीच तुलना करा. पीएफ (पॉवर फॅक्टर, दोन्हींचं गुणोत्तर) ०.९५ असेल तर नुसता तोच फरक ५ टक्के पडतो.

पर्वतीकर
बी फेजला उणे आहे. रेशो बरोबर. रेझिस्टन्स २६ ओम.

तारतंत्री
१२० चे पाच समांतर म्हणजे २४, वरचे दोन टेलिफोनच्या बारीक तारेचे. म्हणजे पाच ठिकाणी टर्मिनेशन चालू आहे. तीन काढा, फक्त दोन टोकांचे ठेवा. काही मीटरना मागे टर्मिनेशन चालू-बंद करायचा छोटा डिप स्विच असतो आणि तो चालू राहून गेलेला असतो. मग सगळे फाटे सोडवून गेटवेपासून एकेक मीटर जोडत जा, बॉड ९६०० करा. ज्या मीटरपाशी आधी दिसणारेही गायब होतील, तिथे ए-बी उलटे आहेत किंवा आयडी दुसऱ्याशी जुळतो. नव्या मीटरचा आयडी बहुधा १ असतो. कायमचं करायचं तर शिल्डेड ट्विस्टेड पेअर (पीळ दिलेल्या दोन तारा, वर धातूचं आवरण म्हणजे शिल्ड) टाका, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि व्हीएफडीच्या केबलींपासून निदान फूटभर लांब न्या.

लहरी_लोरा
मग केबल ओढावी लागणारच की! मी तेच म्हणत होतो.

पर्वतीकर
डिप स्विच मीटरच्या मागच्या बाजूला आहे. मीटर पॅनेलमधून बाहेर घ्यावा लागेल. शनिवारी शटडाउन मागतोय, बी फेजच्या सीटीच्या एस१-एस२ या दोन तारांची अदलाबदलही तेव्हाच करतो. शटडाउन नाही मिळालं तर चालू लाइनवर करता येईल?

पॉवरफॅक्टर
चालू लाइनवर मीटर काढू नका. सीटीचं सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) उघडं पडलं की टर्मिनलवर जीवघेणा व्होल्टेज येतो आणि सीटीही जळतो. टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर (सीटी आणि मीटरमधल्या जोडपट्टीवर) सीटीच्या तारा एकमेकींना जोडणारी शॉर्टिंग लिंक असेल तर आधी ती लावायची, मीटरवर अँपिअर शून्य दिसले की मगच तारा सोडायच्या. ब्लॉक नसेल तर शटडाउनशिवाय हात लावू नका. आणि शनिवारी पॅनेल बंद असेल तेव्हा तो ब्लॉक बसवून घ्या.