नव्या ब्रिटिश गिटार बँडच्या सिंगलची ओळख करून द्यायची आहे: पाच मिनिटांत नेमकं काय सांगावं?

पार्लेपूर्व (मूळ प्रश्न)

विलेपार्ल्यात सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा श्रवणसत्र असतं. पंचवीस-तीस माणसं येतात. निम्मी साठीच्या पुढची, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी ऐकणारी, उरलेली कॉलेजातली. पुढच्या सत्रात उत्तर इंग्लंडमधल्या एका नव्या बँडचं ताजं सिंगल लावायचं आहे. चौघांचा बँड आहे: दोन गिटार, बेस, ड्रम्स. गाणारी मुलगीच दुसरी गिटार वाजवते. गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं. बँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'भारी की बकवास' यावरच संपेल.

गाण्याआधी पाच मिनिटं बोलायचं आहे. आत्तापर्यंतचा मसुदा असा: 'स्वप्नवत, उत्कट आणि ताज्या दमाचा आवाज, द स्मिथ्सची आठवण करून देणारा.' यातून समोरच्याला काय कळणार? गिटारबद्दल काय ऐकायचं आणि कसं सांगायचं, माहिती कुठे चुकते, आणि हॉलमध्ये वाजवताना काय सांभाळायचं? फोनवरून वाजवणार आहोत. साधा मिक्सर आणि दोन स्पीकर आहेत.

सहावीतार

'स्वप्नवत' आणि 'उत्कट' हे दोन शब्द आधी खोडा. जगातल्या निम्म्या गाण्यांना ते लागू पडतात. 'स्मिथ्सची आठवण' हेही त्यांनाच कळेल ज्यांनी स्मिथ्स ऐकलेत, आणि तुमच्या हॉलमध्ये ते पाच असतील.

गाणं इअरफोनवर तीन वेळा ऐका. एकदा फक्त डाव्या कानाने, एकदा फक्त उजव्या, मग दोन्हींनी. दोन गिटारचा बँड असला की मिक्समध्ये बहुतेक वेळा एक गिटार डावीकडे आणि एक उजवीकडे सरकवलेली असते. कोणती काय करते ते कागदावर उतरवा. नेहमीची वाटणी अशी: एक गिटार जाड तारांवर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरून सरळ खालच्या फटक्यांनी ठेका चालवते, दुसरी वरच्या तीन बारीक तारांवर सूर सुटेसुटे करून वाजवते. ती दुसरी जी किणकिण करते ना, तीच अशा गिटार बँडांच्या घराण्याची खूण. इंग्रजीत तिला जँगल म्हणतात, आपल्या जंगलाशी काही संबंध नाही.

ही किणकिण कुठून येते ते तुमच्या ज्येष्ठ मंडळींना दोन वाक्यांत कळेल. कॉर्ड बदलत राहतात, पण वरच्या एक-दोन तारा मोकळ्याच सोडलेल्या असतात आणि प्रत्येक कॉर्डमध्ये त्याच वाजत राहतात. सतारीवरच्या चिकारीसारखं समजा. खाली सूर बदलतायत आणि वर तोच एक सूर चमकतोय.

आता कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. स्मिथ्सच्या जॉनी मारने (बँड मँचेस्टरचा, १९८२ पासूनचा) कापो लावून भरपूर वाजवलंय आणि पुढच्या बऱ्याच पोरांनी ते उचललं. दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पडद्यावर) कापो लावून 'जी' कॉर्डचा आकार धरला की आवाज 'ए' कॉर्डचा येतो. पेटीवाल्यांना सांगा, स्केल चेंजर सरकवल्यासारखं आहे: बोटं तीच, पट्टी वर. फरक इतकाच की कापोने पट्टी फक्त वर जाते, खाली नाही. आणि मोकळ्या तारांची चमक वरच्या पट्टीतही टिकते, म्हणून तर तो लावायचा. गाण्यात सर्वांत जाड, मोकळ्या 'ई' तारेपेक्षा खालचा सूर गिटारवर ऐकू आला तर तो कापोमुळे नाही, बहुधा तारा उतरवून लावलेल्या आहेत.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, ऐकू आलेल्या गिटार मोजून माणसं ठरवू नका. स्मिथ्समध्ये बहुतेक काळ गिटारवाला एकच होता, पण रेकॉर्डवर तो एकावर एक थर चढवायचा. तुमच्या सिंगलमध्येही दोघं मिळून पाच गिटार वाजवत असतील. दुसरं, गिटारसारखं वाजतंय ते गिटारच असेल असं नाही. रॉयल ब्लड हा ब्रिटिश बँड दोघांचाच, बेस आणि ड्रम्स. तो भिंतीसारखा गिटारचा आवाज बेसमधूनच काढलेला असतो. तेव्हा आधी श्रेयनामावली बघा, मग बोला.

ॲम्पबद्दल (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याबद्दल) थोडक्यात पुरे. या आवाजामागे बरेचदा वॉक्स एसी ३० असतो, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस केंटमधल्या डार्टफर्डला तयार झालेला, ३० वॅटचा, व्हॉल्व्हवाला (जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा). हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात फटका दिला की कडेला किंचित फाटतो. तुमच्या गाण्यात कडव्यात गिटार स्वच्छ आणि ध्रुवपदात खरखरीत होत असेल तर पॅडल (पायाने दाबून आवाज बदलायची डबी) असू शकेल किंवा नुसता हाताचा जोर. नक्की माहीत नसेल तर 'इथे गिटार फाटते' एवढंच म्हणा. ते खोटं ठरत नाही.

फेडरवाला

वरचं सगळं बरोबर, पण चुकीची केबल लावलीत तर ऐकणाऱ्यांपर्यंत त्यातलं काहीच पोचणार नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये हमखास होणारी गोष्ट सांगतो.

फोनच्या ३.५ एमएम जॅकला एक मोठी ६.३५ एमएमची स्टिरिओ पिन जोडायची आणि ती मिक्सरच्या एकाच मोनो चॅनलमध्ये खुपसायची, हा घोळ. तो इनपुट बॅलन्स्ड असतो. पिनवरचा दुसरा सिग्नल त्याला उलटा वाटतो आणि तो डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गायब: गाणारीचा आवाज, बेस, ड्रम्समधले किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीचा खणखणीत फटका). उरतात काय, तर कडेच्या दोन गिटार आणि गाणारीच्या आवाजाचा भुतासारखा घुमारा. मग लोक म्हणतात, 'या इंग्रज पोरांना रेकॉर्डिंग जमत नाही.' शब्द दूर कुठेतरी विहिरीतून आल्यासारखे वाटले की आधी केबल बघा.

हवी ती केबल अशी: एका टोकाला ३.५ एमएमची स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या ६.३५ एमएमच्या मोनो पिना. दोन लाइन इनपुट घ्या, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारं बटण) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे, दोन्हींचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर) सारखा. माइकच्या इनपुटात लावू नका, फाटेल. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचं कन्व्हर्टर आदल्या दिवशी तपासा. काही कन्व्हर्टर काही फोनवर मुकेच राहतात.

आता दोन चॅनल वेगळे आहेतच, तर त्याचा फायदा घ्या. बोलताना २० सेकंदांचा तुकडा लावा, उजवा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) पूर्ण खाली. डावी गिटार ऐकू येईल. मग डावा खाली, उजवा वर. मग दोन्ही. सहावीतारांनी पाच परिच्छेदांत सांगितलेलं मिनिटभरात कळतं. मात्र गिटार खरंच दोन बाजूंना असल्या तरच हे चालेल, मध्यात असतील तर काही फरक पडणार नाही. आधी घरी इअरफोनवर खात्री करा.

बहुतेक हॉलमध्ये स्पीकर मोनो जोडलेले असतात, म्हणजे दोन्हींतून तोच आवाज येतो. तसं असेल तर दोन्ही गिटार एकाच जागेवरून येतात आणि एकमेकींना झाकतात. घरी ऐकलेली रुंदी तिथे नाही म्हणून घाबरू नका, फक्त 'डावीकडे ऐका, उजवीकडे ऐका' असं बोलू नका. 'पहिली, दुसरी' म्हणा. स्पीकर कोपऱ्यात ढकलू नका, बेस घुमतो. दोन फूट पुढे ओढा. फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज वाढवून स्पष्टपणा येत नाही, उलट जातो.

फोन विमान मोडवर, अलार्म बंद. ॲपमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर शेवटची गिटार विरत असतानाच पुढचं गाणं घुसतं. फाइल विकत घेऊन फोनमध्ये ठेवलेली बरी: बँड बँडकॅम्पवर (बँडकडून गाणी विकत घेण्याच्या साइटवर) असेल तर फ्लॅक किंवा वेव्ह, म्हणजे दर्जा न घटवलेली, फाइल मिळते, बँडला चार पैसेही जातात. स्ट्रीमिंगची वर्गणी तशीही वैयक्तिक ऐकण्यासाठीच असते.

आणि लोकलमध्ये ऐकून बेसबद्दल मत बनवू नका. डब्याचा घरघराट नेमका तिथेच बसतो.

कव्हरनोट

माहितीतल्या चुका आता. माझ्या मते ओळख बिघडते ती इथेच, कारण विशेषण चुकलं तर कुणी हटकत नाही, पण गाव चुकलं की कुणीतरी उठतंच.

'ब्रिटिश' आणि 'इंग्लिश' एक नव्हे. ग्लासगोचा बँड ब्रिटिश आहे, इंग्लिश नाही. डब्लिनचा ब्रिटिशही नाही, तरी तिथल्या फॉन्टेन्स डी.सी.ला भारतात सर्रास ब्रिटिश लेबल लावतात. आणि सगळ्यांना लंडनचं करू नका. आर्क्टिक मंकीज शेफील्डचे, वेट लेग आयल ऑफ वाइटची, २०२४ चं मर्क्युरी प्राइझ (अल्बमसाठीचा ब्रिटिश पुरस्कार) मिळवणारी इंग्लिश टीचर लीड्सची. तुमचा बँड उत्तरेचा असेल तर शहराचं नाव घ्या, 'उत्तर इंग्लंड' म्हणजे 'कोकणातला' म्हटल्यासारखं झालं.

'इंडी' (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) हा शब्द कसा वापरताय ते ठरवा. मूळ अर्थ व्यवहाराचा आहे, आवाजाचा नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसन्या ५०० पौंडांत चार गाण्यांची रेकॉर्ड करून जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर काढली, पहिल्या खेपेला १००० प्रती. मोठ्या कंपनीशिवाय रेकॉर्ड निघू शकते हे त्यातून दिसलं. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडीची खपाची वेगळी यादी सुरू झाली तीही वितरण स्वतंत्र आहे की नाही यावर, गिटार आहे की नाही यावर नव्हे. पुढे १९८६ मध्ये एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने २२ बँडांची कॅसेट काढली, सी८६, आणि हळूहळू 'इंडी' म्हणजे किणकिणणारी गिटार असा अर्थ चिकटला. म्हणून 'इंडी बँड' म्हणण्याआधी रिलीजच्या खाली वर्तुळातला 'पी' असलेली ओळ वाचा. ध्वनिमुद्रणाची मालकी तिथे लिहिलेली असते. बँडचं किंवा छोट्या लेबलचं नाव असेल तर ठीक. 'अमुकच्या परवान्याने' असं एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव जोडलेलं असेल तर 'इंडी धाटणीचा' म्हणा. शेजारचा वर्तुळातला 'सी' इथे कामाचा नाही, तो मुखपृष्ठ वगैरेंचा.

तारीख. १० जुलै २०१५ पासून नवं संगीत जगभर शुक्रवारी येतं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार होता. ॲपवर ते सहसा त्या-त्या देशाच्या मध्यरात्री उघडतं, म्हणजे मुंबईला तिकडच्या उन्हाळ्यात लंडनच्या साडेचार तास आधी, हिवाळ्यात साडेपाच. आपल्याकडे शुक्रवारी पहाटे एक वाजता ऐकलंत तेव्हा तिकडे, जून-जुलैत, गुरुवारचे रात्री साडेआठ वाजलेले असतात. बँडच्या पोस्टची वेळ बघून 'गुरुवारी आलं' असं लिहू नका. शिवाय रेडिओवर आधी वाजलेलं असेल तर ती तारीख निराळी.

'पहिलं सिंगल' आणि 'पहिल्या अल्बमचं पहिलं सिंगल' यातही गल्लत होते. नव्या बँडची बरेचदा अल्बमआधी चार-पाच सिंगल्स येऊन गेलेली असतात.

कायद्याचं म्हणाल तर नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या किंवा तत्सम संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. तिकीट लावायचं ठरलं तर मात्र परवान्याचं आधी बघा.

पार्लेपूर्व

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा:

'हा लीड्सच्या चौघांचा बँड. हे त्यांचं तिसरं सिंगल, छोट्या स्वतंत्र लेबलवर आलेलं. लय ८२. दोन गिटार ऐका: पहिली ठेका धरते, दुसरीच्या वरच्या तारा चिकारीसारख्या सतत वाजत राहतात. दोन मिनिटांनी गिटार आणि ड्रम्स थांबतात, फक्त बेस आणि आवाज उरतो. शेवटच्या कोरसला गिटार फाटते.'

लय एका ॲपने ८२ दिली, दुसऱ्याने १६४. कुठली खरी?

सहावीतार

दोन्ही ॲप तेच मोजतायत, एक दुप्पट वेगाने. १५ सेकंदांतले स्नेअरचे फटके मोजा आणि चारने गुणा. साध्या रॉक ठेक्यात स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे मिनिटाला ८२ स्नेअर आले तर लय १६४. पण आकडा हॉलमध्ये सांगूच नका. त्याऐवजी टाळी कुठे पडते ते सांगा. आपली मंडळी समेवर, पहिल्या मात्रेवर टाळी देणार. इथे जोर दोन आणि चारवर आहे. आधी एकदा सगळ्यांकडून 'एक-दोन-तीन-चार' करून घ्या, नाहीतर पहिल्या कडव्यात निम्मा हॉल गाण्याच्या विरुद्ध टाळ्या वाजवेल.

आणि 'कोरस' नको, 'ध्रुवपद' म्हणा. कोरस म्हटलं की आजोबांना समूहगान वाटेल आणि गिटार शिकणाऱ्या पोरांना कोरसचं पॅडल.

फेडरवाला

ती 'दोन मिनिटांनी गिटार थांबते' ही जागा आधी सांगू नका. ती ऐकताना कळू दे. आणि तिथे हॉलचे पंखे ऐकू येतील, तेव्हा गाणं सुरू करण्याआधी स्पीकरजवळचे दोन बंद करून घ्या.