एवढी साखर जाती तरी कुठं?

ऊसवाला_लातूर:
राम राम मंडळी. आमचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो, परवा पोरगं विचारायलं की एवढी पोती लोक नुसती चहातच घालायलेत का? मी म्हनलं बिस्किट, मिठाई, कोल्ड्रिंक, पुढं काही सुचंना. गावातला मिस्त्री तर म्हनतो काँक्रीटमधी बी साखर टाकतात. खरंय का फेकायलाय?

साइटवाला:
खरंय भाऊ, पण सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्का, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम साखर गेली तरी सेटिंग, म्हणजे माल घट्ट होणं, काही तास लांबतं, ती सिमेंटच्या कणावर थर धरते आणि पाण्यासोबतची रिअ‍ॅक्शन अडवते. मिक्सरची गाडी रस्त्यात बंद पडली तर ड्रममधे साखर टाकतात, आत दगड होऊ नये म्हणून, तो माल नंतर फेकून द्यायचा. आणि मात्रा वाढली की कधी उलटंच, माल पटकन आवळतो आणि ताकद मार खाते. मे महिन्यात ४२ डिग्रीत स्लॅब लवकर ओढून घेतो म्हणून कुणी अंदाजानं मूठभर टाकायला लागला तर तिथंच हात धरा त्याचा, रिटार्डर, म्हणजे सेटिंग लांबवायचं रसायन, मिळतं बाजारात. त्यातल्या बऱ्याच रिटार्डरमधे सोडियम ग्लुकोनेट असतं, ते बी ग्लुकोजपासूनच बनवतात म्हणा.

जालना_बेकरी:
आमच्याकडं नुसत्या गोडीला नाही लागत. यीस्टला खायला, बिस्किटाला रंग यायला, केक मऊ राहायला. जॅममधे तर ६५ टक्क्याच्या आसपास साखर, ती पाणी धरून ठेवते मग बुरशीला काही उरत नाही. शुगर आहे म्हणून कमी साखरेचा मुरंबा घालतात आणि मग म्हणतात बरणी खराब होती.

गोळीवाला_संभाजीनगर:
औषधाच्या साध्या सिरपमधे वजनानं तीनातले दोन भाग साखर असते, टिकण्याचं कारण तेच जे बेकरीवाले दादा म्हणाले. काही गोळ्यांवर साखरेचं कोटिंग असतं, कडू लागू नये म्हणून. आणि जुलाबात घरी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ देतात, तिथं साखर चवीला नाहीच, आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढायला तीच लागते. म्हणून अंदाजानं वाढवू नका, जास्त गोड झालं की जुलाब वाढतात.

धाराशिवकर:
सगळे साखरेलाच धरून बसले, मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, राहिली की राव! स्पिरिट तिचंच, इथेनॉल बी तिचंच, आता पेट्रोलमधे २० टक्के घालायलेत (त्यात मक्याचं बी असतं). बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर चालतो, वीज बनती, उरलेली कारखाने विकतात. प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, आम्ही रानात टाकतो, फक्त ताजा टाकू नका, कुजवूनच टाका.