सिनॅमिक ॲसिड: क्रमांक कुठून द्यायचे, ब्रोमीन टेस्ट का फसते?

प्रश्न (बीएससी, नाशिक)
प्रॅक्टिकलला सिनॅमिक ॲसिड आलंय. नाव १-फिनाइल धरून सुरू करायचं की ३-फिनाइल? बायकार्बोनेट घातलं की लगेच फसफसतं, पण ब्रोमीन वॉटरचा रंग तसाच राहतो. सोडियम कार्बोनेटमध्ये विरघळवून घेतलं तर रंग झटकन उडतो. मग ‘दुहेरी बंध आहे’ असं जर्नलमध्ये लिहू का?

उत्तर १
अजिबात लिहू नका. कार्बोनेटमुळे नुसत्या ब्रोमीनचाही रंग जातो, कारण हायपोब्रोमाइट तयार होतं. ॲसिड न घालता दुसऱ्या परीक्षानळीत तेच करून बघा, कळेल. थंड पाण्यात सिनॅमिक जेमतेम विरघळतं, आणि जे विरघळतं त्यातही कार्बोक्सिल गट दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. म्हणून ब्रोमीनची क्रिया रेंगाळते.

त्यापेक्षा बेयर टेस्ट करा, म्हणजे परमँगनेटने दुहेरी बंध ओळखायची चाचणी. ०.१ ग्रॅम नमुना १० टक्के सोडियम कार्बोनेटच्या २ मिलीमध्ये विरघळवा, १ टक्का पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने घाला, हलवत राहा. जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ आला पाहिजे. नुसता रंग फिका होणं पुरेसं नाही. कडू बदामासारखा वास आला तर तो बेंझाल्डिहाइडचा, म्हणजे दुहेरी बंध तुटला. विद्रावक म्हणून अल्कोहोल घेऊ नका, परमँगनेट त्याचंही ऑक्सिडेशन करतं.

उत्तर २
कार्बोक्सिलचा कार्बन नेहमी १, दुहेरी बंध कुठेही असो. म्हणून ३-फिनाइलप्रोप-२-एनोइक ॲसिड. बाटलीतलं बहुधा ट्रान्स (फिनाइल आणि कार्बोक्सिल दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना) असतं, तेव्हा पुढे (ई) लावा.

परीक्षेत याहून जास्त मार्क जातात ते प्रोपेनोइक नव्हे, प्रोप-२-एनोइक ॲसिडवर एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घालताना. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, तिथेच नवा हायड्रोजन जातो) आठवून ब्रोमीन २ वर लावतात. तिथला धन कार्बन कार्बोक्सिलला खेटून येतो, म्हणून टिकत नाही. ब्रोमीन ३ वर जातं, पेरॉक्साइड नसतानाही.

उत्तर ३
बेयर टेस्टला आपल्याकडचंच उदाहरण जोडतो, द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड. थंड, सौम्य अल्कधर्मी परमँगनेट दोन्ही ओएच एकाच बाजूने जोडतं. त्यामुळे मॅलेइक ॲसिडपासून (सिस) मेसो टार्टारिक मिळतं, म्हणजे ज्याची आरशातली प्रतिमा तेच असतं; फ्युमॅरिक ॲसिडपासून (ट्रान्स) रेसेमिक, म्हणजे दोन आरसारूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण. द्राक्षात मात्र एकच आरसारूप असतं, (२आर,३आर). मेसोत ते नसतंच, रेसेमिकमध्ये निम्मं असतं.